चूलबंद आवतण

आईच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशीची म्हैस मेली. गावात विचारलंत तर कुणी सांगेल तिला पान लागलं, म्हणजे साप चावला. कुणी सांगेल नजर लागली. भावकीतले एक काका तर अजून म्हणतात की तिची दोरी तेवढीच होती. सगळं खोटं आहे. ती म्हैस मी मारली. भात, पुऱ्या आणि बुंदी घालून मारली, आणि घालताना तोंडानं दानपुण्याची भाषा करत होते.

मी परभणीला शाळेत गणित शिकवते. माहेर सोनपेठ तालुक्यात, गोदावरीपासून जरा आत. धाकटा भाऊ तिथं शेती बघतो. मावशी नात्यानं कुणीच नाही. तिची भिंत आमच्या भिंतीला लागून, आणि आईची आणि तिची पन्नास वर्षांची ऊठबस, म्हणून मावशी. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा पुण्याकडे कंपनीत. तो दर दिवाळीला तिला न्यायला यायचा आणि दर दिवाळीला एकटाच परत जायचा.

"जवर हिच्या सडात दूध हाय तवर मी कुटं येत न्हाई," असं ती म्हशीच्या पाठीवर थाप मारून त्याला सांगायची. तो चिडायचा. आई आणि मी हसायचो. पण त्यात गंमत काही नव्हती, तो सरळ व्यवहार होता. गावातली पाच घरं आणि स्टँडवरचं चहाचं हॉटेल तिच्या रतीबावर होतं. त्या दुधातून तिचं मीठमिरची, गुडघ्याच्या गोळ्या आणि लाइटबिल निघायचं. म्हैस दावणीला होती तोवर मावशी स्वतःच्या घराची मालकीण होती. म्हैस गेली की ती पुण्यातल्या दोन खोल्यांमधली सासू होणार, हे तिला आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आता श्राद्धाकडे येते. त्याआधी तेराव्याचं सांगितलं पाहिजे, कारण माझं डोकं तिथंच फिरलं होतं. आईच्या तेराव्याला भाजी कमी पडली. तिसऱ्या पंगतीला आचाऱ्यानं वांग्याच्या भाजीत गरम पाणी ओतून ती पुरवली. कुणी उपाशी उठलं नाही. पण हात धुताना एक बाई दुसरीला म्हणाली, "लेक मास्तरीण, आन् आईच्या तेराव्याला पान्यातली वांगी." मी मागंच उभी होते. ते वाक्य मी वर्षभर जपून ठेवलं. माणसं चांगलं बोललेलं दोन दिवसांत विसरतात, आणि असलं काही दाढेखाली धरून बसतात. मीही बसले.

त्यामुळे वर्षश्राद्धाचं ठरवायला बसलो तेव्हा मी आधीच ठरवून आले होते. अंगणात भाऊ, भावजय, ते दोरीवाले काका आणि पाथरीहून बोलावलेला आचारी. भाऊ म्हणाला, घरटी एक माणूस सांगू, म्हणजे झेपेल. मी म्हटलं, "चूलबंद सांगायचं."

चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून मांडीवरच्या लेकरापर्यंत सगळं घर आमच्याकडे जेवणार. आमच्याकडे यापेक्षा मोठं आवतण नाही. एकदा चूलबंद म्हटलं की कुणी किती जण येणार हे विचारायचं नसतं. विचारलं तर त्याचा अर्थ तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून घास मोजताय असा होतो.

"अक्का," भाऊ म्हणाला, "गावात मान्सं कुटं हायत? अर्धी घरं पुन्याला गेलीत. म्हातारीकोतारी तेवढी राह्यलीत."

"म्हणून काय झालं? त्यांना जेवायला नको?"

"तसं न्हाई म्हनत मी. अंदाज तरी काडू."

"काकांना विचार अंदाज," मी म्हटलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, उरलं तर उरू द्या, सरलं तर इज्जत जाते. मला हवं ते उत्तर मिळालं. भाऊ गप्प बसला. तो माझ्यापुढे लहानपणापासून गप्प बसत आलाय आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

आचाऱ्यानं विचारलं, "चुली किती?" काकांनी बोटांवर मोजून सांगितलं, दीडशेक. आचारी म्हणाला, "चुलीमागं पाच पानं." हा त्याच्या बापाच्या काळापासूनचा हिशोब. आकडा मीच चटकन सांगितला, साडेसातशे. वर देवाधर्माचे म्हणून पन्नास त्यानं आपल्या मनानं धरले. वर्गातल्या पोरीनं उदाहरणात चुकीची किंमत घातली की मी तिला फळ्यापाशी उभी करते. इथं मी स्वतः त्या पाचाला हात लावला नाही. एका चुलीमागं पाच माणसं हे माझ्या लहानपणी होतं. आता मुलगा पुण्यात, सून पुण्यात, नातवंडं पुण्यात आणि मागं दोन म्हातारे किंवा नुसतं कुलूप. त्या साडेसातशेत मावशीच्या घरचीही पाच पानं धरलेली होती. एकट्या बाईची.

भावानं गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, खाली हात जोडल्याची चित्रं टाकली. शब्द मी सांगितला तोच होता.

तिथी काही आपल्या हातात नसते. आईची तिथी चैत्रातली, आणि त्याच दिवशी शेजारच्या गावात हरिनाम सप्ताहाचा काला निघाला. हे आम्हाला तीन दिवस आधी कळलं. भावजय म्हणाली, आता तरी आचाऱ्याला फोन करून थोडं कमी करायला सांगू. मी म्हटलं, काला खाऊनसुद्धा लोक येतील, आपल्याकडचं काही कमी करायचं नाही. इतकी साधी गोष्ट इतक्या वेळा माझ्या कानावर आली आणि मी इतक्या वेळा ती झटकली, हे आता लिहिताना माझाच मला राग येतोय.

त्या दिवशी पहिली पंगत बारा वाजता बसली. बुंदी, पुरी, वरण, भात, वांग्याची भाजी. यावेळी भाजीवर बोटभर तेल होतं. मी ते तेल बघून खूश होते. मी स्वतः पंगतीतून फिरत होते आणि आग्रह करत होते. आपल्याकडे 'नको' या शब्दाला पंगतीत काडीची किंमत नसते. माणूस पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरतो, तरी वाढणारा बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. "आईच्या नावानं एक मूठ" म्हटलं की कुणी नाही म्हणू शकत नाही. मी हे हत्यार त्या दिवशी प्रत्येकावर चालवलं. डायबेटिसवाल्यांनाही सोडलं नाही. ते बिचारे बुंदी घ्यायचे आणि पत्रावळीच्या कडेला सारून ठेवायचे. मी पुढे गेले की पत्रावळ दुमडायचे. ज्या बाईनं वर्षापूर्वी ते पाण्यातल्या वांग्यांचं म्हटलं होतं, तिच्या पानात मी चार पुऱ्या एकदम टाकल्या. तिनं एक खाल्ली. तीन पुऱ्या तिच्या पत्रावळीत तशाच गुंडाळून उकिरड्यावर गेल्या. माझा सूड असा पूर्ण झाला.

दुसरी पंगत अर्धी भरली. तिसरीला वीसेक माणसं होती, त्यात आमच्याच घरातली आठ. दोन वाजता आचारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, अजून कोन यायचंय? निम्म्याला बी हात लागला न्हाई."

मी मांडवामागं जाऊन बघितलं. भाताचं एक पातेलं नुसतं उघडलं होतं, दुसऱ्यावरचं फडकंसुद्धा हललं नव्हतं. पुऱ्यांच्या पाट्या, बुंदीचे दोन घमेले, वरणाचं भलं मोठं पातेलं. सगळं एकदम करून ठेवलेलं. पुऱ्या लागतील तशा तळल्या असत्या, अर्धी कणीक मागं ठेवली असती, भाताचा दुसरा हंडा लोक बघून चढवला असता, तर धान्य धान्यच राहिलं असतं. पण लोक पानावर वाट बघतायत हे दृश्य मला नको होतं.

परभणीच्या चैत्रातलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको की दुपारी दोनच्या वरणाला किती आयुष्य असतं. भाऊ म्हणाला, "अक्का, टेंपो हाय. सोनपेठच्या रोडला वीटभट्टीवर लय लोकं हायत, बायका-लेकरं हायत. आत्ता नेलं तर गरम गरम जेवतील."

तो बरोबर होता. त्या घटकेला ते अन्न अन्न होतं. भट्टीवरच्या माणसांनी ते आनंदानं खाल्लं असतं आणि ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "भर दुपारी टेंपोत भांडी चढवलेली सगळं गाव बघेल. मास्तरणीकडे माणसंच आली नाहीत म्हणतील. थांब. काल्याची माणसं उन्हं कलल्यावर येतील."

आम्ही थांबलो. दोन माणसं आली, तीही मांडववाल्याची. पाच वाजता भावजयीनं वरणात पळी घातली तर वर फेस धरला होता. भाताला वास सुटायला लागला होता. आता ते भट्टीवर न्यायचं म्हणजे गरिबांच्या लेकरांना हगवण लावायची. भाऊ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

तेव्हा काका म्हणाले, "टाकायचं न्हाई. अन्नाचा अपमान होतो. गुराढोरांच्या मुखी लागू द्या. मुक्या जनावराच्या मुखी लागलं म्हंजी वाया गेलं न्हाई."

मुखी लागणं हा आमच्या घरातला मोठा शब्द. पक्ष्यानं खाल्लेलं कणीस मुखी लागलं, भिकाऱ्यानं नेलेली भाकर मुखी लागली, आणि जे मुखी लागलं त्याचा पाप-पुण्याचा हिशोब मिटला. आई गाईला रोज पहिली भाकर घालायची. त्यामुळे काकांचं बोलणं मला देवानं धाडल्यासारखं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. उरलं नाही, उलट दानधर्म झाला! मी पदर खोचला आणि बादल्या भरायला लागले.

ज्यांच्याकडे जनावरं होती त्यांना निरोप गेले. कुणी तपेली घेऊन आलं, कुणी टोपलं. चैत्र म्हणजे चाऱ्याचा दुष्काळ, कडबा संपत आलेला, बांधावर हिरवं पान नाही. मावशी एक पाटी घेऊन आली. दुपारी ती दोन पुऱ्या खाऊन गेली होती, तिचं जेवण तेवढंच.

मी तिच्या पाटीत भात टाकला. ती म्हणाली, "बास, पोरी."

"बास काय? घे गं. तुझी म्हैस काय परकी आहे?"

"येवढ्याची सवय न्हाई तिला."

"आईच्या नावाचं आहे मावशी," मी म्हटलं. त्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडात बसूनच गेलं होतं. तिच्या पाटीत मी पुऱ्या रचल्या. भिंतीपलीकडे म्हशीपुढच्या गव्हाणीत मी स्वतः दोन बादल्या भात नेऊन ओतला आणि वर घमेलंभर बुंदी घातली. "उद्या दूध गोड येईल बघ," असंही म्हणाले. म्हशीनं तोंड घातलं ते वर काढलंच नाही. महिनाभर काड्या चघळणाऱ्या जनावरापुढं गोड भात आला होता. आम्ही दोघी तिथं उभ्या राहून तिला खाताना बघत होतो. मावशीच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि माझ्याही.

सकाळी सात वाजता मावशीची हाक आली. ती हाक मारण्यातली बाई नाही, म्हणून आम्ही धावलो. म्हैस बसली होती आणि उठत नव्हती. डावी कूस फुगून टणक झाली होती. डोळे खोल गेले होते, तोंडातून लाळ लोंबत होती, रवंथ बंद. आंबट वासाची पातळ हगवण सगळीकडे. भावानं तेल पाजलं. कुणी खायचा सोडा आणला, कुणी हिंग. काकांनी कडुलिंबाचा पाला ओवाळून टाकला.

सोनपेठहून जनावरांचा डॉक्टर यायला साडेदहा झाले, कारण तो दुसऱ्या एका गावात अशाच एका बैलापाशी होता. त्यानं गव्हाणीत बघितलं, तळाला चिकटलेली बुंदी नखानं उकरली आणि विचारलं, "हे कुनी घातलं?"

मी म्हटलं, "मी."

"तुमी काय करता?"

"शिक्षिका आहे."

 सलाईन लावता लावता तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता. म्हणाला, रवंथ करणारं जनावर चाऱ्यावर चालतं. त्याच्या पोटात येवढा भात, पीठ, साखर एकदम गेली की ती आतल्या आत आंबते, भांड्यात वरण आंबतं तशी, आणि ते आंबट रक्तात उतरतं. मूठभर शिळी पुरी कडब्यात मिसळून दिली तर काही होत नाही. बादलीनं दिली तर जनावर जातं. तुमचं पंगतीतलं उरलेलं हे जनावराचं खाणं नाही, ते माणसाचं आहे आणि माणसालाच वेळेत द्यायचं असतं. वेळ गेली तर खड्डा करून मातीत घालायचं, खत होतं. "हर लग्नसराईत सांगतो," तो म्हणाला. "लोक म्हनतेत, डॉक्टर, पुन्य लागतं."

"वाचेल का?" मावशीनं विचारलं. सकाळपासून ती म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होती.

"बघू," तो म्हणाला. तो कशाचा बघू आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

एक वाजून गेल्यावर म्हशीनं पाय ताणले. तिनं एकदा मान उचलून मावशीकडे बघितलं असं मला वाटलं, पण ते मला वाटलं असेल. मावशी रडली नाही. तिनं दाव्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना, तर ती दातानं ओढायला लागली. मी पुढं झाले तसा तिनं माझा हात बाजूला केला. जोरात नाही. पण केला. 

इतर तीन घरची जनावरं त्या दिवशी आजारी पडली. ती वाचली, कारण त्यांना कुणी प्रेमानं आग्रह केला नव्हता.

संध्याकाळी भावानं जेसीबी आणला. नाल्याच्या कडेला खड्डा घ्यायचा होता. आमच्या मांडवामागं अजून दोन पातेली भात आणि वरण पडलं होतं. त्याच्यावर माशा घोंगावत होत्या, वास गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. जेसीबीवाल्यानं विचारलं, "ह्याला दुसरा खड्डा घिऊ का?"

भाऊ म्हणाला, "नको. येकच मोठा घे."

खाली म्हैस आणि वर आईच्या नावाचा स्वयंपाक, अशी माती लोटली. मी काठावर उभी राहून बघितलं. मला कुणी तिथं उभं राहा म्हटलं नव्हतं, पण मी नाही बघायचं तर कुणी बघायचं?

आठवडाभरानं मी मावशीकडे गेले आणि म्हटलं, मी तुला दुसरी म्हैस आणून देते, तुला पसंत पडेल ती, बाजाराला तूच चल. ती जोंधळा पाखडत होती. पाखडत राहिली.

"ही माज्या हातची वासरू होती," ती म्हणाली. "माज्या पायाच्या आवाजानं पान्हा सोडायची. नवी आली तर माज्या हाताला कवा वळण घेईल? लाथ मारली तर मी उटंन का?" मग जरा थांबून म्हणाली, "तू मुद्दाम न्हाई केलंस, पोरी. म्या बी घातलंच की."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अपराधात ती अर्धी वाटेकरी व्हायला निघाली, हे मला सोसलं नाही. तिनं तर 'बास' म्हटलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवाळीला मुलगा आला आणि पहिल्यांदा दोघं मिळून गेली. जाताना तिनं दाराला कुलूप लावलं, किल्ली भावजयीकडे दिली. रतीबाच्या पाच घरांत आता पिशवीचं दूध येतं.

मी माझ्यापुरता एक नेम केला. शाळेतल्या घोषवाक्यांवर माझा विश्वास नाही. दरवर्षी पोरं 'अन्न वाया घालवू नका' रंगवतात आणि त्याच दुपारी खिचडी अर्धी टाकून उठतात. मी ताटात आधी थोडं वाढायला लावते, मागितलं तर पुन्हा. पुढच्या वर्षी आईच्या श्राद्धाला मी वही घेऊन घरोघर फिरले आणि उंबऱ्यात उभी राहून सरळ विचारलं, किती जण जेवायला येणार? लोकांना राग आला. एक म्हातारा म्हणाला, "बाई, शाळंत हजेरी घ्यायलीस का?" त्या पाण्यातल्या वांग्यांवाल्या बाईनं तर "आमी येतच न्हाई जा" म्हणून दार लावून घेतलं. काका त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. पण आकडा निघाला, दोनशे दहा. आचाऱ्याला सांगितलं, तुझा पाच आता विसर. पुऱ्या पंगत बसल्यावर तळल्या, भाताचा दुसरा हंडा चढवायची गरजच पडली नाही. मी आग्रहाला बंदी घातली. नको म्हणजे नको. दीड वाजता जे थोडं उरलं ते भाऊ टेंपोत घालून सगळ्यांदेखत भट्टीवर घेऊन गेला. गावानं बघितलं. काय म्हणायचं ते म्हटलं. संध्याकाळी मांडवामागं धुतलेली भांडी पालथी पडली होती.

मला त्याचं बरं वाटलं, अगदी मनापासून. एवढं बरं वाटलं की ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ते ऐकण्याचा हक्क मावशीचाच होता. मी पुण्याला फोन लावला. मुलानं तिला दिला. मी सगळं सांगितलं: वही, आकडा, दोनशे दहा, रागावलेला म्हातारा. ती हसली.

"ब्येस केलंस," ती म्हणाली. "आमच्या हितं बी तसंच हाय बघ. सून लय टापटिपीची. काय बी वाया जाऊ देत न्हाई. रोज सकाळी कनीक मळायच्या आदी इचारती, आत्या, तुमाला किती पोळ्या?"

"बघ," मी म्हटलं, "हेच मी लोकांना सांगत असते. विचारून करायचं."

"व्हय. वंगाळ न्हाई ती. सगळ्यान्लाच इचारती." मग तिचा आवाज खाली आला, सून जवळपास असावी. "मला तीन लागत्यात, पोरी. सकाळपासनं धार काडायची, शेन काडायचं, तवा तर चार खायचे. पन मला जन्मात कुनी आकडा इचारला न्हवता. तोंडातून तीन निगतच न्हाई. म्या दोन म्हनते."

 सुनेला दोष द्यायला मला जागा नव्हती. ती तिच्या जागी बरोबर होती आणि मी गावभर तेच सांगत फिरले होते. मावशीला तिच्या चुलीपासून उठवून दुसऱ्याच्या मोजणीत नेऊन बसवलं ते मीच, आणि वर तिलाच फोन करून माझ्या मोजणीचं कौतुक सांगत होते.  मी म्हटलं, "मावशी, असं करू नकोस. उद्यापासून तीन सांग. सांगशील ना?"



"आदी वाटायचं सांगावं," ती म्हणाली. "आता दोनाचीच भूक लागायली."